एकटीनं, पायी, आफ्रिकेत – पण कुठवर?

*मावशी, मी २८ वर्षांची. मूळची निफाडची, नोकरीला पुण्यात. आठ वर्षं सह्याद्रीत भटकते आहे, तीही बरेचदा एकटी. येत्या जूनपासून सात आठवडे मोकळे मिळताहेत. नैरोबीला उतरायचं आणि बसनं, रेल्वेनं खाली सरकत टांझानिया, झांबिया करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जायचं असं ठरवलं आहे. विमानाचं तिकीट सोडून चार लाख जमवलेत. पण जीपच्या छतातून डोकं काढून सिंह बघणं मला नको. वीस जीपा आणि मधे एक बिचारा चित्ता, असले फोटो पाहून शिसारी येते. मला तंबू घेऊन, पायी, स्वतःच्या हिमतीवर प्राणी भेटायला हवेत. हे जमतं का? आई म्हणते, तिकडे रेल्वेचे मजूर तंबूतून सिंहांनी ओढून नेले होते आणि तू तंबूतच झोपणार! तिला काय सांगू?*

*– भटकी, पुणे*

*ता. क. रात्री बूट तंबूच्या आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? इथे मी बाहेर ठेवते आणि सकाळी विंचवासाठी झटकून घालते.*

प्रिय भटके,

मावशी म्हटलंस म्हणून अगं-तुगं करते. जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरेचदा ‘नको’ म्हणणार आहे आणि तुझा गैरसमज व्हायला नको. सॅक कशी भरायची, अनोळखी गावात रात्र कशी काढायची, हे आठ वर्षं डोंगरात काढलेल्या मुलीला मी काय शिकवणार? मला बोलायचं आहे ते तुझ्या पत्रातल्या एका शब्दाविषयी. प्राणी ‘भेटायला’ हवेत, असं तू लिहिलंस. तिथल्या बहुतेक मोठ्या प्राण्यांना आपल्याला भेटायचं नसतं, आणि एखाद्याच्या मनात भेटायचं असेल तर आपण तिथे नसलेलं बरं.

आधी जीपविषयी. टांझानियातलं सेरेंगेटी आणि गोरोंगोरोचं विवर, केनियातलं मसाई मारा, यांपैकी कुठेही तुला पायी आत सोडणार नाहीत. हा काही पर्यटन कंपन्यांचा कावा नाही. जीप तुला चैन वाटते, तिथे ते कुंपण असतं. फरक एवढाच की कुंपणाच्या आत तू असतेस. रोज गाड्या बघणाऱ्या सिंहाला ती एक मोठी, डिझेलचा वास येणारी, निरुपद्रवी वस्तू वाटते. तिच्यातून कोणी खाली पाय टाकला की ती वस्तू मोडते आणि समोर दोन पायांचं जनावर उभं राहतं. या जनावराशी सिंहांची ओळख फार जुनी आहे आणि ती चांगली नाही. मग सिंह पळतो तरी, नाहीतर अंगावर येतो.

चित्त्याभोवतीच्या वीस जीपांबद्दल मात्र तुझं शंभर टक्के बरोबर. चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्यांच्या गराड्यात त्याची शिकार हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात. पण सगळा दोष ड्रायव्हरवर टाकू नकोस. सिंह दाखवला तर बक्षिसी, नाही दाखवला तर तोंड वाकडं, असे आपले पाहुणे असतात. म्हणून तो वायरलेसवर ऐकतो आणि गाडी पळवतो. पहिल्या सकाळी गाडीत बसतानाच सांगून टाक की काही दिसलं नाही तरी बक्षिसी तेवढीच मिळेल, आणि गर्दी असेल तिथे आपल्याला जायचं नाही. मी हे केलं होतं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग गाडी एका ओढ्याकाठी नेऊन उभी केली आणि आम्ही दीड तास शेणकिडे आणि एक जिराफ बघत बसलो. तो दीड तास मला सिंहांपेक्षा जास्त आठवतो.

आता पायी कुठे, ते.

सुरुवात नैवाशाला कर. नैरोबीहून मटाटूनं, म्हणजे तिकडच्या वडापनं, दोनेक तासांवर. तिथे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे, १९८४ साली झालेलं, जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचं. गेटाबाहेर सायकल भाड्यानं मिळते आणि ती घेऊन तू थेट आत जातेस. दोन्ही बाजूंना लाल कडे, मधे गवत, आणि गवतात झेब्रे, जिराफ, इलंड, वॉर्टहॉग म्हणजे ती शेपटीचा अँटेना उभा करून पळणारी रानडुकरं. सिंह तिथे सहसा नसतात, म्हणूनच ही मुभा आहे. झेब्र्यांच्या कळपाशेजारून आपल्या पायांच्या जोरावर जाताना, चेन खडखडते तेवढाच आवाज. तू मागते आहेस ते हेच आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात तुला मिळेल.

तिथेही दोन गोष्टी. एक, एकटा रानरेडा. कळपातली रानम्हैस आधी सगळ्यांबरोबर पळायचा विचार करते. कळपानं टाकलेला म्हातारा रेडा झुडपात एकटा बसलेला असतो आणि त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. झुडपाजवळून जाऊ नकोस, मोकळ्या रस्त्यावर रहा, आणि दिसलाच तर फोटो न काढता आल्या वाटेनं मागे फिर. दुसरी गोष्ट तिथल्या घळीची. ओल न्जोरोवा नावाची ती घळ फार देखणी आहे, अरुंद आणि पाण्यानं कोरलेली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिथे अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी खाली येतं. तुला हे समजावून सांगायला नको, आपल्याकडच्या घळींनीही दर पावसाळ्यात कोणाला ना कोणाला नेलेलं असतं. उघडी असेल, आभाळ स्वच्छ असेल आणि सोबत तिथला वाटाड्या असेल, तरच उतर.

नैवाशाच्या तळ्याकाठी तंबू ठोकायला बऱ्याच जागा आहेत. बहुतेक ठिकाणी पाण्याच्या बाजूला विजेच्या तारेचं कुंपण असतं, कारण रात्री पाणघोडे चरायला वर येतात. तार कुठे आहे ते उजेडात बघून ठेव आणि संध्याकाळनंतर तिच्या पलीकडे पाऊल टाकू नकोस. पाणघोडा गोष्टींच्या पुस्तकात गुबगुबीत, हसरा असतो. प्रत्यक्षात दीड टनाचं हे धूड तासाला तीसेक किलोमीटर वेगानं पळतं. त्याला तुला खायचं नसतं, त्याला फक्त पाण्यात परत जायचं असतं. तो आणि पाणी यांच्या मधे उभं राहू नये, एवढाच नियम, पण अंधारात तो पाळायला आपण नेमके कुठे आहोत हे माहीत असावं लागतं.

मसाई मारा तू वगळ, असं माझं मत. ३० जूनपर्यंत बाहेरच्या माणसाला दिवसाचे १०० डॉलर आणि १ जुलैपासून २००, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये, तेही फक्त प्रवेशाचे. सीमेपलीकडे सेरेंगेटी तुझ्या वाटेवरच आहे, जनावरंही तीच.

तिथे मात्र जीप घेच. टांझानियातल्या अरुशा शहरात, हॉस्टेलमध्ये दोन-तीन दिवस थांबलीस तर चार-पाच जणांची गाडी जमते आणि खर्च वाटला जातो. दर नीट समजून घे. सेरेंगेटीचा प्रवेश करासकट ८२ डॉलरच्या आसपास, सार्वजनिक तळावर तंबूचे ३५, आणि गोरोंगोरोच्या विवरात गाडी उतरवायचे गाडीमागे २९५. त्यामुळे दिवसाला १५० डॉलरमध्ये सगळं देतो म्हणणारा भेटला, तर त्यात काय धरलेलं नाही ते विचार. काहीजण अरुशाहून मुसोमाकडे जाणाऱ्या बसचा मार्ग सांगतील. ती बस खरंच दोन्ही उद्यानांमधून जाते, पण प्रवेशशुल्क तुला भरावंच लागतं, आणि हत्ती दिसला म्हणून ती थांबत नाही. शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी मात्र पूर्ण प्रवासभर दिसते.

त्या सार्वजनिक तळांना कुंपण नसतं, हे तुला आवडेल. गोरोंगोरोच्या कड्यावरच्या सिंबा तळावर पाण्याच्या टाकीशी हत्ती येतात. मी दात घासत होते तेव्हा एक आला. स्वयंपाकी मंडळी ओरडली नाहीत, पळाली नाहीत, नुसती एकेक पाऊल मागे सरकून स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभी राहिली. मीही राहिले, तोंडात फेस घेऊन. तो पाणी प्यायला आणि गेला. जूनमध्ये तिथे कडाक्याची थंडी असते बरं का. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून लोक पातळ कपडे नेतात आणि रात्रभर कुडकुडतात.

कपड्यांचं निघालंच आहे तर, तुम्हा ट्रेकर मंडळींची ती मिलिटरी छापाची पँट घरी ठेव. झांबिया, झिंबाब्वे, युगांडा इथे तो छाप सामान्य माणसानं घालणं गुन्हा आहे आणि तिथले पोलीस हे हसण्यावारी नेत नाहीत. गडद निळा आणि काळाही नको. त्से त्से माशीला हे रंग भारी आवडतात. तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. ती जीन्सच्या आरपार चावते. मातकट, खाकी, फिकट हिरवं ने. आणि सॅकमधलं सगळं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची आपली सवय मोड. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्या पिशव्यांना बंदी आहे. कापडी पिशव्या शिवून घे. आईला हे काम दे, तिचाही हात प्रवासाला लागेल.

दार-एस-सलामहून झांबियाला जायला ताझारा रेल्वे आहे. १९७० च्या दशकात चीननं बांधून दिलेली, न्यू कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर. वेळापत्रकानुसार दोन दिवस, प्रत्यक्षात गाडीच्या मर्जीवर, आणि कधी कधी ती सुटतच नाही. त्यामुळे मागेपुढे तीन-चार दिवस मोकळे ठेव आणि स्टेशनवर जाऊन विचार. पण सुटली तर दार-एस-सलाम सोडल्यावर काही तासांत ती न्येरेरे उद्यानाच्या हद्दीतून जाते आणि खिडकीतून जिराफ, झेब्रे, नशीब असेल तर हत्ती दिसतात, वेगळं तिकीट न काढता. बायकांचे आणि पुरुषांचे डबे, म्हणजे खण, वेगळे असतात. माझ्या खणात तीन जणी होत्या. त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या, मी त्यांना चिक्की दिली. ती त्याच शेंगदाण्यांची, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

भाषेची फार काळजी करू नकोस. स्वाहिलीत दुकान म्हणजे ‘दुका’, गाडी ‘गारी’, पैसे ‘पेसा’, रंग ‘रांगी’, विमा ‘बिमा’, आणि चपाती म्हणजे चपातीच, फक्त ती पराठ्यासारखी पदर सुटणारी. पाटीवर ‘हातारी’ दिसलं की थांब. आपला ‘खतरा’ आणि तो शब्द एकाच अरबी घरातले. जेवणाची आबाळ होणार नाही. ‘माहारागे’ म्हणजे राजमा, ‘सुकुमा विकी’ म्हणजे परतलेली पालेभाजी, आणि मक्याच्या पिठाचा ‘उगाली’ घट्ट उकडीसारखा हातानं मोडून खायचा. रस्त्यात तुला ‘मुहिंदी’ म्हणून हाका मारतील, वाईट वाटून घेऊ नकोस. भारतीय वंशाचे लोक तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. २०१७ मध्ये केनियानं त्यांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

आता लुआंग्वा. तुझ्या चार लाखांतला मोठा वाटा मी इथे खर्च करायला सांगेन.

पूर्व झांबियात चिपाटा नावाचं गाव आहे. तिथून म्फुवेला मिनीबस जाते. म्फुवेपाशी लुआंग्वा नदी आणि पलीकडे दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान, ९,०५० चौरस किलोमीटर. पायी जंगल दाखवण्याची रीत पर्यटकांसाठी इथेच रुजली. नॉर्मन कार नावाच्या वनाधिकाऱ्यानं १९५० मध्ये न्सेफू या स्थानिक प्रमुखाला विश्वासात घेऊन जमिनीचा एक भाग राखून ठेवायला लावला आणि पाहुण्यांचे पैसे गावाला मिळतील अशी सोय केली. त्या काळी बंदूक न चालवता जनावरं बघायला कोणी पैसे देईल, हेच लोकांना खरं वाटत नव्हतं.

पायी सफर म्हणजे काय, तर पहाटे निघायचं, पाच-सहा माणसं, एकामागे एक. पुढे बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे वाटाड्या, मग तुम्ही. बोलायचं नाही. वाटाड्या अधूनमधून चिमूटभर राख किंवा धूळ उडवून वारा बघतो, कारण हत्तीची नजर अधू पण नाक फार तिखट. मी पहिल्या सकाळी तीन तास चालले आणि एकही मोठं जनावर जवळून पाहिलं नाही. पाहिलं ते असं: हत्तीचं शेण, त्यात न पचलेल्या बिया, आणि त्या उकरून खाणारे पक्षी. तरसाची विष्ठा, हाडांच्या चुन्यानं पांढरी पडलेली. वाळूत बिबट्याचे ठसे आणि त्यांच्यावर उमटलेले इंपालाचे खूर, म्हणजे बिबट्या आधी गेला. मग एका वळणावर रक्षकानं नुसती मूठ वर केली. ऐंशी-नव्वद पावलांवर हत्तीणी होत्या, पिल्लांसकट. आम्ही मुंगीच्या वारुळाआड उभे राहिलो. एकीनं सोंड वर करून हवेत फिरवली, कान पसरले. वाटाड्यानं मागे फिरायची खूण केली आणि आम्ही आलो तसे परत गेलो. जवळ जाता आलं असतं का, असं एका पाहुण्यानं नंतर विचारलं. वाटाड्या म्हणाला, गेलो असतो, पण मग त्यांना पळावं लागलं असतं.

तुझ्या हिमतीला धक्का लागेल, पण सांगते. असं चालायला वाटाड्या हवाच, आणि त्याचे पैसे द्यायला तू का-कू करू नकोस. आठ वर्षांत तू सह्याद्रीची भाषा शिकलीस. नवख्या मुलाला पावसाळ्यात कोकणकड्याच्या धारेवर तू एकटं सोडशील का? तिथे तू ते नवखं पोर आहेस. कान पसरून धावत येणारा हत्ती बरेचदा नुसता धमकावत असतो आणि कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून येणारा खरंच येत असतो, हे मीही पाठ केलं होतं. प्रत्यक्ष हत्ती समोर असताना त्याच्या कानांचा अभ्यास होत नाही. पाय पळायला बघतात आणि पळणं हीच चूक असते. त्या क्षणी खांद्यावर हात ठेवून ‘उभी रहा’ म्हणणारा माणूस लागतो.

तुझं स्वातंत्र्य इतर जागी वापर: कुठली बस, कुठलं गाव, किती दिवस, कोणाबरोबर जेवायचं. तिथे कोणी तुला हात धरून नेणार नाही.

नदीकाठी उद्यानाबाहेर तंबूच्या जागा आहेत, तुझ्या खिशाला परवडतील अशा. इथे तुला रात्री ‘भेटी’ मिळतील, न मागता. लुआंग्वात पाणघोड्यांची इतकी दाटी आहे की रात्रभर म्हातारे पुरुष एखाद्या जुन्या विनोदावर हसताहेत असं वाटतं. एका रात्री मला जाग आली ती चर्र चर्र आवाजानं. तंबूला लागून कोणीतरी गवत उपटून खात होतं. कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर. मला लघवीला लागली होती. पुढची पन्नास मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. झोपण्याआधी पाणी कमी पी, नीट जाऊन ये, आणि रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा एक डबा तंबूत ठेव. प्रवासवर्णनांत हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

तंबूची चेन पूर्ण बंद. गरम होतंय म्हणून अर्धी उघडी नाही, चांदणं छान पडलंय म्हणून डोकं बाहेर नाही. बंद तंबू हा सिंहाला आणि तरसाला दगडासारखा एक आकार वाटतो. उघड्यावर झोपलेला माणूस हे सरळसरळ मांस असतं. कोणी ताऱ्यांखाली झोपल्याचे व्हिडिओ टाकत असेल, तर ते बघून घे आणि सोडून दे.

आणि तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. तुझ्या सॅकमध्ये भडंग, लाडू, मेतकूट असणार, मला माहीत आहे. फळ तर मुळीच नाही. हत्तीला एक संत्रं पुरतं, त्यासाठी तो तंबू फाडतो, गाडीचं दार वाकवतो. झिंबाब्वेत माना पूल्स उद्यानात म्हणून फळं आत नेऊच देत नाहीत. म्फुवेत तर एका लॉजच्या स्वागतकक्षातूनच हत्तींची जुनी वाट जाते. रानआंबा पिकला, की नोव्हेंबरच्या सुमाराला हत्तींचं कुटुंब पायऱ्या चढून, काउंटरसमोरून, मागच्या झाडाकडे जातं. तळावर खाण्याचं सामान ठेवायला बंद खोली किंवा पेटी असते, तिथे दे. दिवसा बबून माकडांपासून जप. व्हिक्टोरिया धबधब्यावर ती पर्यटकांच्या हातातली पिशवी ओढून नेतात आणि बाईमाणूस एकटी असेल तर जास्त निर्ढावतात. पिशवी सोडून द्यायची, ओढाताण करायची नाही. त्यांचे सुळे बिबट्याच्या सुळ्यांशी बरोबरी करतात.

लिव्हिंगस्टन गावातून धबधब्याकडे जाणारा रस्ता सोपा दिसतो, चालत जावंसं वाटेल. हत्ती तो रस्ता ओलांडतात. पहाटे आणि संध्याकाळी टॅक्सी कर.

आता आई. तिची गोष्ट खरी आहे, तिला खोटं पाडू नकोस. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी महिनोन्महिने मजूर उचलले. त्यांत आपले हिंदुस्थानी बरेच होते, रेल्वेसाठी बोटीतून नेलेले. शेवटी दोन्ही सिंह मारले गेले, ते आज शिकागोच्या संग्रहालयात पेंढा भरून उभे आहेत. त्सावो तुझ्या वाटेवर नाही, हेही सांग. पण त्यापेक्षा तिला असं विचार: निफाडच्या उसात बिबट्या आहे म्हणून आपण शेतात जायचं सोडलं का? मूल एकटं सोडायचं नाही, रात्री पाणी द्यायला जाताना दोघांनी जायचं, बॅटरी न्यायची. म्फुवेच्या आसपासची माणसं नेमकी अशीच जगतात. तुमच्याकडे ऊस आणि बिबट्या, त्यांच्याकडे मका आणि हत्ती. तिथे शेताभोवती मिरचीचं कुंपण करतात: मिरचीपूड आणि तेल चोपडलेल्या दोऱ्या, किंवा शेणात मिरची कालवून केलेल्या गोवऱ्या रात्री धुमसत ठेवायच्या. हत्ती त्या खाटानं मागे फिरतो. हे तुझ्या आईला एका वाक्यात कळेल, तिनं फोडणीत मिरची करपल्यावर घर कसं मोकळं होतं ते पाहिलंय.

खरी भीती मात्र तिनं भलतीकडे ठेवली आहे. सिंहापेक्षा तुला रात्रीची बस धोक्याची. दिवे नसलेले ट्रक, झोपेला आलेले ड्रायव्हर, रस्त्यावर गुरं. सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर असायचं नाही, त्यासाठी एक मुक्काम वाढला तरी चालेल. नैरोबी, दार-एस-सलाम, लुसाका इथे अंधार पडल्यावर पायी फिरू नकोस, मोबाइलवरून टॅक्सी बोलव. आणि डास. तिकडचा मलेरिया मेंदूपर्यंत जाणारा आहे. जायच्या महिनाभर आधी प्रवासी-औषधांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा आणि प्रतिबंधक गोळ्या ठरवून घे. त्या परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात, तिथेच लोक कंटाळा करतात. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग की मी आफ्रिकेतून आले आहे. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर, निघायच्या किमान दहा दिवस आधी. केनियातून येताना तो दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. विमा घेताना जंगलातून विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून बघ. व्हिसाचे नियम सतत बदलताहेत, तेवढे त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच तपास, माझ्यावर किंवा कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नकोस.

आईला रोज फोन करीन असं कबूल करू नकोस. लुआंग्वात एक दिवस रेंज गेली की ती जेवायची नाही. ‘गाव बदललं की कळवीन’ एवढंच कबूल कर आणि तेवढं पाळ. आणि निघण्याआधी तिला नकाशा दाखव. घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही गं’ ऐकून बरं वाटत नाही. कुठे, कधी, कोणाबरोबर, हे कळलं की वाटतं.

राहता राहिला ता. क. बूट आत. आणि तेही विंचवासाठी नव्हे. तरसाला चामडं आवडतं, आणि दिवसभर चाललेल्या माणसाच्या घामानं मुरलेलं चामडं फारच. माझा उजवा बूट लुआंग्वाच्या तिसऱ्या रात्री गेला. सकाळी तळावरच्या रखवालदारानं वाळूतले ठसे दाखवले, नदीकडे जाणारे, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, डाव्याचं काय करणार आहात? मी एका पायात बूट आणि एका पायात स्नानगृहाची निळी स्लिपर घालून म्फुवेच्या बाजारात गेले. तिथे जुन्या बुटांचा ढीग विकायला होता. जोडी मिळाली, एक नंबर मोठी. दोन मोजे घालून मी धबधब्यापर्यंत तीच वापरली.

– तुझी मावशी